शिसव कीं मेपल? इलेक्ट्रिक गिटारीच्या दांडीची निवड

ज्या घरांतून एके काळीं सतार, दिलरुबा किंवा बाजाची पेटी हीं वाद्यें असत, त्याच घरांतून मुलगा अथवा मुलगी इलेक्ट्रिक गिटारीसाठीं हट्ट धरून बसते, हें दृश्य आतां नवलाचें राहिलें नाहीं. अशा वेळीं वडील मंडळींची मोठी पंचाईत होते. पेटी घ्यावयाची झाली तर सूर कसे आहेत, भाता कसा आहे, हें पाहणारें कोणी तरी घरांत किंवा शेजारीं निघतें. तंबोरा घ्यावयाचा झाला तर मिरजेस जाऊन चार ठिकाणीं पारख करतां येते. परंतु या वाद्यापुढें आपली विद्या चालत नाहीं. मग दुकानदार सांगेल तें ऐकावयाचें, मुलें जो रंग पसंत करतील त्यास मान डोलवावयाची आणि हजारों रुपये मोजून मोकळें व्हावयाचें, असा प्रकार घडतो. सहा महिन्यांनीं वाद्य भिंतीस टेकून धूळ खात पडतें आणि चिकाटी नसल्याचा ठपका मुलावर येतो. वास्तविक पुष्कळदां दोष मुलाचा नसून वाद्याच्या दांडीचा असतो. दांडी वांकली असली, पडद्यांचीं टोकें बोटांस बोचत असलीं, तारा फार उंच असल्या, तर कोवळीं बोटें किती दिवस सोसतील? म्हणून गिटारीच्या दांडीचा आणि तिच्या लाकडांचा विचार येथें थोड्या विस्तारानें करावयाचा आहे.

वाद्याची घडण

सतारीचा नाद भोपळ्यांतून आणि तबलीतून उमटतो. इलेक्ट्रिक गिटारीचें तसें नाहीं. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात; यास पिक-अप म्हणतात. तार थरथरली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें, वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते आणि अँप्लिफायर तिला मोठी करून आवाजाचें रूप देतो. यामुळें वाद्याचें अंग पोकळ असण्याची गरजच उरत नाहीं. या जातीच्या वाद्यांपैकीं अगदीं आरंभींचें जें रिकनबॅकर कंपनीनें १९३२ च्या सुमारास बाजारांत आणलें, तें तर ओतीव ॲल्युमिनियमचें होतें. त्यांत लाकडाचा मागमूस नव्हता!

पुढें १९५० सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं भरीव लाकडी अंगाची गिटार विकावयास काढली. तिला १९५१ पासून टेलिकास्टर हें नांव मिळालें. १९५२ मध्यें गिब्सन कंपनीनें लेस पॉल ही गिटार आणली, आणि १९५४ मध्यें फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. आज जगांत विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी या दोन घराण्यांच्याच वंशांतल्या, निदान त्यांच्या वळणाच्या असतात. दांडीच्या लाकडासंबंधीं जे दोन पंथ पडले, तेही या दोन घराण्यांतूनच.

दांडी : मेपल आणि महोगनी

सहा तारा सुरांत लावल्या म्हणजे दांडीवर चाळीस किलोंच्या आसपास, जुन्या हिशेबानें सुमारें एक मण, ताण पडतो. हा भार दांडीनें वर्षानुवर्षें न वांकतां सोसावयाचा असतो. या कामीं तिला साह्य म्हणून पोटांत पोलादी सळई घातलेली असते व तिचा ताण किल्लीनें कमीअधिक करतां येतो. या युक्तीचें एकस्व गिब्सन कंपनींतील थॅडिअस मॅकह्यू यांच्या नांवें १९२३ सालीं नोंदलें गेलें. आजच्या जवळजवळ प्रत्येक गिटारींत अशी सळई असते. नसली तर ती गिटार घेऊं नये.

फेंडरनें दांडीसाठीं मेपल निवडलें. हें उत्तर अमेरिकेंतील फिकट, कठीण आणि ताठ लाकूड असून एका घनमीटरास त्याचें वजन सुमारें ७०० किलो भरतें. फेंडरची दांडी अंगाला चार स्क्रूंनीं जोडलेली असते. खुंट्यांचें डोकें दांडीच्याच रेषेंत सरळ असल्यामुळें ती सपाट फळींतून कापून काढतां येते, आणि बिघडल्यास काढून दुसरी बसवितां येते. कारखानदारीच्या दृष्टीनें ही मोठी सोय होती, व मध्यम मिळकतीच्या कुटुंबासही ती सोयच आहे.

गिब्सनचा मार्ग जुन्या सुतारकामाचा. त्यांच्या बहुतेक दांड्या महोगनीच्या. ही मध्य व दक्षिण अमेरिकेंतील तांबूस लाकडाची जात एका घनमीटरास ६०० किलोंहून किंचित् कमी भरते, हत्यारास मऊ लागते आणि एकदां नीट वाळली कीं फारशी पिळवटत नाहीं. दांडी अंगांत सांधा करून सरसानें चिकटवितात. डोकें मात्र मागें कललेलें असतें. त्यामुळें लाकडाच्या रेषा त्या वळणावर तुटतात, आणि गिटार पाठीवर पडली तर नेमकी तेथेंच मोडते. घरांत लहान मुलांची धांवपळ असेल तर ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

अलीकडे भाजलेल्या मेपलच्याही दांड्या मिळूं लागल्या आहेत. हवेंतील प्राणवायु वगळून हें लाकूड भट्टींत तापवितात. त्यामुळें त्याचा रंग मधासारखा होतो व पाणी शोषून घेण्याची त्याची प्रवृत्ति घटते. आपल्याकडील पावसाळ्याचा विचार करतां हा गुण दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं.

पडद्यांची पट्टी

सतारीचे पडदे दांडीवर बांधलेले असतात व ते सरकवितां येतात. गिटारीचे पडदे खांचा पाडून कायमचे ठोकून बसवितात. ज्या लाकडांत ते बसवितात ती वरची पातळ पट्टी बहुधा दांडीहून निराळ्या लाकडाची असते. वादकाचीं बोटें अष्टौप्रहर हिच्यावरच फिरतात.

आरंभींच्या फेंडर गिटारींत वेगळी पट्टी नव्हती. मेपलच्या दांडींतच पडदे ठोकलेले असत. मेपल फिकट असल्यामुळें त्यावर रोगण द्यावें लागतें, आणि तें झिजलें कीं घामाचे व बोटांचे काळे डाग उमटतात. १९५८ मध्यें फेंडरनें एका नव्या गिटारीस रोझवूडची पट्टी लावली व १९५९ पासून इतर गिटारींनाही तीच दिली. पुढें मेपलची पट्टी पुन्हां आली, आणि आज दोन्ही मिळतात. मेपलचा स्पर्श रोगणामुळें गुळगुळीत, कांचेसारखा असतो. कांहींना तो आवडतो, घामट हाताच्या माणसास तो चिकट वाटतो.

रोझवूड म्हणजे कोणी परकें लाकूड नव्हे. गिटारींवर ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात तो आपला सह्याद्रींतील आणि दक्षिणेंतील शिसव होय. उत्तरेकडील शिसम निराळा. दोघे एकाच कुळांतले, पण एकच नव्हेत. वाड्यांतील शिसवी पलंग, शिसवी पेटारा, झोपाळ्याची गुळगुळीत फळी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या लाकडाची ओळख करून देणें नको. घनमीटरास सुमारें ८३० किलो वजन, जांभळट तपकिरी रंग, आणि अंगचा तेलकटपणा इतका कीं रोगणाची गरज पडत नाहीं. बोटांस तो किंचित् कोरडा, परंतु उबदार लागतो.

तिसरें आबनूस. टेंभुर्णीच्या पानांच्या विड्या वळतात. त्याच कुळांतले हे वृक्ष. गाभा काळाभोर, घनमीटरास ९५० किलोंच्या आसपास, व तिन्हींत सर्वांत कठीण. स्पर्श नितळ, झीज अत्यल्प, किंमत अधिक. १९५४ मध्यें निघालेल्या लेस पॉल कस्टम या उंची गिटारीस हीच पट्टी होती. स्वस्त वाद्यावर काळीभोर पट्टी दिसली तर ती बहुधा दुसऱ्या लाकडास काळा रंग देऊन केलेली असते. दुकानदाराची परवानगी घेऊन ओलसर पांढऱ्या फडक्यानें कडेस हळूच पुसून पाहावें. फडकें काळें झालें तर उमगावें.

आवाजांत फरक किती?

मेपलचा आवाज लखलखीत, शिसवाचा मधुर, आबनुसाचा टणत्कारी, असें दुकानांतून छातीठोकपणें सांगण्यांत येतें. यांत तथ्य किती? वर सांगितल्याप्रमाणें पिक-अप तारेचें कंपन पकडतें, लाकडाचें नव्हे. लाकूड आपला प्रभाव पाडतें तो आडवाटेनें : तारेच्या शक्तीचा कांहीं अंश दांडी शोषून घेते. दांडीच्या अंगच्या कंपनसंख्येशीं एखाद्या सुराची कंपनसंख्या जुळली, तर तो सूर इतरांपेक्षां लवकर विझतो. सरळ डोक्याच्या, स्क्रूंनीं जोडलेल्या दांड्यांत असे मुके सूर पुष्कळदां सांपडतात. परंतु हा परिणाम संबंध दांडीच्या जाडीचा, वजनाचा व ताठपणाचा असतो. एकाच जातीच्या लाकडाच्या दोन दांड्याही यांत सारख्या निघत नाहींत. पिक-अप, तारा, अँप्लिफायर आणि वाजविणाराचा हात यांनीं जेवढा फरक पडतो, त्यापुढें पट्टीच्या जातीचा फरक अल्प समजावा. म्हणून केवळ आवाजाच्या नांवाखालीं पट्टीसाठीं दामदुप्पट मोजणें शहाणपणाचें नव्हे. पट्टी निवडावी ती स्पर्शासाठीं, टिकाऊपणासाठीं आणि डोळ्यांस रुचते म्हणून.

अरण्याचा प्रश्न

लाकडाच्या निवडींत आणखी एक पक्ष आहे, आणि तो मुका आहे. पूर्वीं गिटारींवर ब्राझीलचा रोझवूड वापरीत. बेसुमार तोडीमुळें त्याची इतकी हानि झाली कीं १९९२ सालीं वन्य जीवांच्या व्यापारासंबंधींच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय करारान्वयें त्याचा व्यापार जवळजवळ बंद करण्यांत आला. त्याआधींच, १९६० नंतरच्या दशकांत, कारखानदार आपल्या शिसवाकडे वळले होते. म्हणजे तेथील अरण्यावरचा भार येथील अरण्यावर आला. जानेवारी २०१७ पासून शिसवाचें सारें कूळ या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत घालण्यांत आलें, आणि गिटारी परदेशीं पाठवितांना दाखल्यांची एकच धांदल उडाली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांस या कुळांतील बहुतेक जातींपुरती सूट मिळाली. ब्राझीलच्या जातीस मात्र नाहीं. आपल्या शिसवाची गणनाही आज संकटग्रस्त वृक्षांत होते.

या अडचणींतून कारखान्यांनीं नव्या वाटा काढल्या. कांहींनीं दक्षिण अमेरिकेंतील पाऊ फेरो हें लाकूड घेतलें. कांहींनीं कागद व राळ दाबून केलेली कृत्रिम पट्टी वापरली. एपिफोन व स्क्वायर यांच्या माफक किंमतीच्या गिटारींवर आतां इंडियन लॉरेल असें लिहिलेलें आढळतें. हा कोण? कोंकणांत आणि घाटांत ज्याच्या खोडावरील साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली दिसते, तो आपला ऐन! दुकानांत हें नांव वाचून कोणी नाक मुरडूं नये. ऐन कठीण आहे, टिकाऊ आहे आणि पट्टीच्या कामीं मुळींच कमी पडत नाहीं.

दुकानांत काय पाहावें?

प्रथम मुलाचा किंवा मुलीचा हात पाहावा. फेंडर पद्धतींत घोडीपासून दांडीच्या वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी २५॥ इंच असते. गिब्सन पद्धतींत २४॥। इंच. हा पाऊण इंच क्षुल्लक नव्हे. आंखूड तारेस ताण कमी लागतो, पडदे जवळ येतात, आणि लहान हातास वाजविणें सोपें जातें.

नंतर दांडी डोक्याच्या बाजूनें डोळ्यासमोर धरून, सुतार फळी पाहतो तशी, कडेनें पाहावी. ती पिळलेली असेल तर किंमत कितीही उतरली तरी घेऊं नये. पीळ सळईनें निघत नाहीं. मग एक तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबून धरावी. मध्यें, सातव्या-आठव्या पडद्यापाशीं, जाड कागद जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, फट असावी. हा बांक कमीअधिक असल्यास सळईनें सुधारतो. दांडीच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवावा. पडद्यांचीं टोकें बोचतां कामा नयेत. शेवटीं प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून पाहावा. कोठें खरखर अथवा मुका सूर आहे काय तें कळेल. एवढ्यास पंधरा मिनिटें लागतात, आणि जो दुकानदार तीं देत नाहीं, त्याच्याकडे पुन्हां जाऊं नये.

घरची निगा

आषाढ-श्रावणांत लाकूड ओल शोषून फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. त्यामुळें वर्षांतून एक-दोन वेळां दांडीचा बांक बदलणें स्वाभाविक आहे. सळईची किल्ली एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये, आणि अनुभव नसेल तर जाणत्याच्या हातीं द्यावी. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यांत पट्टी आकसून पडद्यांचीं टोकें बाहेर डोकावतात. तीं घांसून घ्यावीं. गिटार बाहेरच्या ओलसर भिंतीस टेकवून ठेवूं नये. वाजवून झाल्यावर तारा व पट्टी कोरड्या फडक्यानें पुसावी. शिसवाच्या किंवा आबनुसाच्या पट्टीस वर्षांतून एकदां, तारा बदलतांना, त्यासाठीं मिळणाऱ्या तेलाचे दोन थेंब चोळावे. स्वयंपाकघरांतलें तेल मात्र लावूं नये. तें कुबट होतें. रोगण दिलेल्या मेपलला तेलाची गरज नाहीं. राहतां राहिला घरच्या शांततेचा प्रश्न. तो सर्वांत सोपा : कानावर लावावयाचा हेडफोन घेतला कीं आजोबांची दुपारची झोंप आणि नातीचा रियाज ही दोन्ही एकाच माजघरांत सुखानें नांदूं शकतात.

तात्पर्य, पहिल्या गिटारीसाठीं मेपलची सरळ दांडी, तीवर शिसवाची अथवा ऐनाची पट्टी, आणि हातास मानवेल अशी तारेची लांबी, एवढें साधलें तर पुरे. उरलेला पैसा चांगल्या शिक्षकासाठीं राखून ठेवावा. आणि शिसवी पट्टीची गिटार घरांत आलीच, तर ज्या वृक्षाचें खोड भरावयास कित्येक दशकें लागतात त्याचा हा तुकडा आहे, हें मुलांच्या कानावर अवश्य घालावें. घरांतील शिसवी सामान जसें तीन पिढ्या जपलें, तसें हें वाद्यही जपलें जावें; वाद्य जपणें म्हणजे मुख्यतः तें वाजतें ठेवणें.