स्टॉपलॉस लावला होता, तरीही…

१५ जानेवारी २०१५. ‘एका युरोला किमान १.२० फ्रँक’ ही सप्टेंबर २०११पासून राखलेली मर्यादा स्विस नॅशनल बँकेने सकाळी अचानक सोडून दिली. बँक भाव पडू देणारच नाही, या भरवशावर अनेकांनी १.२०च्या जरा वर युरो घेतला होता आणि स्टॉपलॉस थोडा खाली ठेवला होता. कागदावर धोका चिमूटभर! पण साधा स्टॉप लागला की त्याची बाजारभावाने विक्रीची ऑर्डर होते, आणि त्या घटकेला समोर घेणाराच नव्हता. युरो काही मिनिटांत एका फ्रँकखाली गेला. सौदे मिळेल त्या भावाला कटले, कित्येक खाती उणे झाली. अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी बुडाली. एफएक्ससीएम या दुसऱ्या ब्रोकर कंपनीला ३० कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले.

स्टॉप कुठे लावायचा, याआधी सौदा केवढा करायचा हे ठरवलेले बरे. एनएसईवर डॉलर-रुपया फ्युचर्सचा लॉट १००० डॉलरचा. २० पैशांचा स्टॉप म्हणजे लॉटमागे २०० रुपये, दलाली वेगळी. लिमिटवाला स्टॉप ठरलेला भाव राखतो खरा, पण भावाने ती पातळी ओलांडून उडी मारली, तर सौदा अंगावरच राहतो.