बेकारांचें शिक्षण आणि अमेरिकेंतील एक धडा

कारखाना बंद पडला म्हणजे कुशल कामगारही निराधार होतो. ज्यास कसलेंच कसब शिकावयास मिळालें नाहीं तो गरीब तरुण तर आरंभापासूनच निराधार. अमेरिकेंत १९८२ च्या ‘जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप’ कायद्यानें या दोघांच्याही शिक्षणाची सोय केली. पैसा मध्यवर्ती सरकारचा, देखरेख राज्याच्या गव्हर्नराची. शाळा, कल्याण-खातें, रोजगार-कचेरी यांचा मेळ घालण्यासाठीं प्रत्येक राज्यांत समन्वय-मंडळ नेमलें गेलें. परंतु तें केवळ सल्ला देणारें, इतर खात्यांच्या तिजोरीची किल्ली त्याच्या हातीं नव्हती.

गरिबांसाठीं मिळणाऱ्या रकमेपैकीं ८ टक्के शिक्षण-खात्याशीं सहकार्य साधण्याकरितां राखलेले असत, आणि ६ टक्के मुख्यतः सरस कामगिरीच्या बक्षिसासाठीं. मेख येथेंच होती. किती जणांस नोकरी लागली यावर कामगिरी मोजली जाऊं लागतांच, ज्यांस ती सहज लागेल अशांनाच निवडण्याकडे कल झाला. निकाल चांगला लागावा म्हणून कच्च्या मुलांस परीक्षेस न बसविणाऱ्या शाळा आपण पाहिल्याच आहेत! अखेर १९९२ च्या दुरुस्तीनें, गरिबांच्या वर्गांतील निदान ६५ टक्के उमेदवार दारिद्र्याखेरीज आणखी एखादी अडचण असलेले, उदाहरणार्थ शाळा अर्धवट सोडलेले, असावेत असें बंधन घातलें.

१९९८ च्या नव्या कायद्यानें निरनिराळ्या कचेऱ्यांचीं कामें एका छपराखालीं आणलीं. २०१४ च्या कायद्यानें ती पद्धत कायम ठेविली. मला मात्र १९८८ चा एक साधा नियम अधिक मोलाचा वाटतो : शंभर वा अधिक कामगारांच्या मालकानें कारखाना बंद करण्यापूर्वीं सामान्यतः ६० दिवस सूचना द्यावयाची. तेवढ्या अवधींत राज्याचे अधिकारी कामगारांस कारखान्यांतच गांठूं शकतात.