जुन्या सायकलींची साक्ष

भंगारवाल्याच्या काट्याला सायकलीचे वय कळत नाही. अठरा-वीस किलो लोखंड एवढीच तिची तेथे ओळख असते. आजोबांनी चाळीस वर्षे कचेरीत नेलेली सायकल जिन्याखालची जागा अडवते म्हणून एखाद्या दुपारी विकली जाते आणि किलोच्या भावाने तिचा हिशेब मिटतो. मात्र अलीकडे त्याच भंगाराच्या ढिगाशी येऊन गुडघ्यावर बसणारी, चिंधीने गंज पुसून एखादे अक्षर वा आकडा शोधणारी माणसेही दिसू लागली आहेत. जुन्या सायकली ओळखणे, जमवणे आणि पुन्हा चालत्या करणे हा छंद पुण्या-मुंबईत, तसाच जगात इतरत्रही, चांगलाच रुजला आहे. इंग्लंडमध्ये जुन्या सायकलींच्या अभ्यासकांची संघटना १९५५ पासून काम करीत आहे, आणि सायकलीच्या इतिहासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदा १९९० पासून भरत आहेत. तेव्हा या छंदाला रिकामपणचा उद्योग म्हणून हसण्यावारी नेण्यापूर्वी त्यात नेमके काय चालते, हे पाहणे उचित ठरेल.

या छंदाची पहिली पायरी ओळखण्याची आहे आणि ती वाटते तितकी सोपी नाही. रंग उडालेला असतो, नाव पुसलेले असते, पुढची पितळी पाटी कोणीतरी काढून नेलेली असते. अशा वेळी जाणकार माणूस प्रथम चेनच्या पुढच्या दातेरी चक्राकडे पाहतो. त्या काळी प्रत्येक नामवंत कारखाना आपली खूण या चक्रातच कोरून ठेवीत असे. रॅलेच्या चक्रात बगळ्याची मस्तके दिसतात; बी. एस. ए.च्या चक्रात तीच तीन अक्षरे. रजच्या चक्रात उघडा पंजा आणि हंबरच्या चक्रात फेर धरलेली पाच माणसे. हंबरच्या पुढच्या चिमट्याला प्रत्येक बाजूस एकाऐवजी दोन नळ्या असतात. धातूचा मुलामाही बोलतो. पिवळसर झाक असलेला निकेलचा मुलामा १९३० च्या आधीच्या काळाकडे बोट दाखवतो, तर निळसर चकाकीचा क्रोमचा मुलामा त्यानंतरच्या. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब असेल तर काम आणखी सुकर होते, कारण महायुद्धोत्तर काळातील या हबच्या कवचावर निर्मितीच्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले आढळतात.

परंतु येथेच घाईने निष्कर्ष काढणारा फसतो. हबवरचे साल हे त्या हबचे साल असते, सायकलीचे नव्हे. चाके बदलली जातात, चिमटे बदलले जातात. शिवाय कंपन्याही एकमेकींत मिसळत गेल्या. हंबरच्या सायकलींचा व्यवसाय रॅलेने १९३२ साली घेतला, रज १९४३ साली आणि बी. एस. ए.च्या सायकलींचा विभाग १९५७ साली तिच्याकडे आला. म्हणून एका सायकलीवर दोन घराण्यांच्या खुणा दिसल्या तर ती बनावटच असेल असेही नाही. एका खुणेवर विश्वास न ठेवता अनेक खुणांचा मेळ घालणे, ही इतिहासकाराची शिस्त येथे हात काळे करून शिकावी लागते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर अशी सायकल म्हणजे एक दस्तऐवजच वाटावा. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन, ही आजची रचना कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याच्या १८८५ च्या सायकलीने रूढ केली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, आणि पुढे थोड्याच वर्षांत हे वाहन हौशी श्रीमंतांकडून सामान्य नोकरदाराकडे आले. आपल्याकडे ते बोटीने आले. पाटीवर बर्मिंगहॅम किंवा नॉटिंगहॅम असे गावाचे नाव असे, आणि त्या नावालाच किंमत असे. स्वातंत्र्यानंतर देशी सायकल उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि पाट्यांवरची गावे बदलू लागली. मद्रासजवळ अंबत्तूर येथे हर्क्युलीस, बंगालमध्ये आसनसोल येथे रॅले, सोनीपतला ॲटलास आणि लुधियान्याला हीरो अशा सायकली बनू लागल्या. रॅलेचा बगळा नॉटिंगहॅमचा की आसनसोलचा, हा प्रश्न आज संग्राहकाला किमतीसाठी पडतो. पण त्या प्रश्नात एका देशाच्या औद्योगिक धोरणाचा इतिहास दडलेला आहे. तो इतिहास यशाचाही आहे आणि अपयशाचाही. हीरो कंपनीची १९८६ साली जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. आसनसोलच्या कारखान्याचे १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले, तरी तो तगला नाही. आणि ॲटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम थांबले ते २०२० च्या ३ जून रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, दूधवाले, पोस्टमन या सर्वांचा संसार दोन चाकांवर चालत असे. अनेक गावांत नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याची पावती म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसवले, की पोलिसाशी गाठ पडे. जुन्या सायकलीच्या चिमट्याला अडकून राहिलेला एखादा बिल्ला, मुलाला बसवण्यासाठी दांडीवर लावलेली छोटी सीट, कॅरिअरवर डबा बांधून बांधून पडलेले घासटे, या गोष्टी कोणत्याही कारखान्याच्या नोंदवहीत सापडणार नाहीत. ज्या वर्गाने आपली आत्मचरित्रे लिहिली नाहीत, त्याच्या दिनक्रमाचा तो लेखी नसलेला पुरावा आहे.

आणि म्हणूनच या छंदातील खरा वादाचा मुद्दा दुसऱ्या पायरीवर, दुरुस्तीच्या पायरीवर उभा राहतो. सायकल पूर्ववत करायची म्हणजे काय करायचे? पुष्कळांची समजूत अशी की, ती दुकानातून आजच आणल्यासारखी दिसली पाहिजे. मग जुना रंग खरवडला जातो, नवा झगझगीत रंग फवारला जातो, मुलामा पुन्हा चढतो आणि छापून आणलेली चित्रे चिकटवली जातात. पाहणारे वाहवा करतात. परंतु भट्टीत भाजून पक्का केलेला तो मूळचा काळा रंग आणि त्यावर कारागिराने हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की परत येत नाहीत. रंग पुन्हा देता येतो. पण तो मूळचा असणे ही गोष्ट एकदाच घडते.

मिलिंद राजाला नागसेनाने विचारलेला रथाचा प्रश्न येथे आठवल्यावाचून राहत नाही. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे. मग रथ म्हणायचे कशाला? सर्व सुटे भाग बदललेल्या सायकलीबाबत हाच प्रश्न पडतो. त्याचे व्यवहारी उत्तर असे देता येईल की, चालण्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी जे बदलणे अटळ आहे ते अवश्य बदलावे, परंतु काढलेला भाग फेकू नये आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, छर्रे या झिजण्यासाठीच केलेल्या वस्तू आहेत. रंग, सीटचे चामडे, पाटी, क्रमांक यांना मात्र शक्य तो हात लावू नये. रॉकेल, मऊ चिंधी, थोडे तेल आणि पुष्कळ धीर एवढ्यावर अर्धे काम होते. लोकांच्या तोंडी ज्याचे ‘ओव्हरऑइलिंग’ झाले आहे, ते सायकल पूर्ण उघडून, साफ करून, ग्रीस भरून पुन्हा जोडण्याचे जुने काम हेच या छंदाचे खरे शास्त्र आहे.

हे शास्त्र मात्र पुस्तकात कमी आणि हातात अधिक आहे. पायट्याची अडकलेली कॉटर पिन हातोड्याने सरळ ठोकली तर ती वाकते आणि मग कशानेच निघत नाही. पलीकडून भक्कम आधार देऊन एका नेमक्या घावात ती काढावी लागते. रॅलेच्या सांगाड्यात पेडलांचा आस जिथे बसतो तिथल्या आट्या एका इंचात २६ असतात, तर इतर बहुतेक इंग्रजी सायकलींत २४. हा फरक न जाणता दुसऱ्या सायकलीचा भाग जोर लावून बसवला की शंभर वर्षे टिकलेला सांगाडा पाच मिनिटांत निकामी होतो. हे सारे बोटांनी ओळखणारे मिस्त्री आज वृद्ध झाले आहेत आणि त्यांची मुले त्या दुकानांत बसत नाहीत. भंगारात गेलेली सायकल क्वचित परत मिळेल, पण हे ज्ञान गेले तर ते विकत आणता येणार नाही.

बाजाराचा नियम असा की, जी वस्तू दुर्मीळ होते तिची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की नक्कल येते. चार सायकलींचे भाग एकत्र करून ‘अस्सल’ म्हणून विकणे, आसनसोलच्या सायकलीला नॉटिंगहॅमची पाटी लावणे हे प्रकार कोणत्याही संग्राहकाला नवे नाहीत. दुसरीकडे, चांगल्या चालत्या सायकली रंगवून उपाहारगृहांच्या भिंतींवर टांगल्या जातात. भंगारवाल्याने तिला लोखंड मानले आणि सजावटकाराने चित्र मानले. वाहन मानले नाही कोणीच. याउलट इटलीत तोस्कानामधील गायोले या गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी भरते. १९८७ पूर्वीच्या बांधणीच्या शर्यतीच्या सायकली घेऊन लोक तेथे कच्च्या, धुळीच्या रस्त्यांवरून मैलोगणती फिरतात. या फेरीच्या निमित्ताने डांबराखाली जाऊ पाहणारे ते पांढरे रस्तेही लोकांच्या आस्थेचा विषय झाले. चालवलेली सायकल रस्त्याचीही आठवण ठेवते, असा त्याचा अर्थ.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळण्याजोगा नाही. ज्या शहरात आजही मजूर, पहारेकरी आणि शाळकरी मुली नाइलाजाने सायकल चालवतात आणि मोटारींच्या गर्दीत त्यांना रस्त्याची कडही मिळत नाही, तेथे सुस्थितीतील लोकांनी जुन्या सायकलींना तेल-पाणी करीत बसावे, ही चैन नव्हे काय? ती चैन ठरू शकते, हे मान्य केले पाहिजे. आपली सायकल दिवाणखान्यात ठेवून रस्त्यावरच्या सायकलस्वाराला हॉर्न वाजवून बाजूला करणारा संग्राहक सायकलीवर प्रेम करतो असे म्हणता येणार नाही. परंतु जो तिच्यावर बसून रस्त्यावर येतो, त्याला रस्त्याची अवस्था आपोआप कळते आणि त्याच्या म्हणण्याला अनुभवाचे वजन येते.

पुण्यात कर्वेनगर भागात २०१७ पासून जुन्या सायकलींचे एक खासगी संग्रहालय आहे. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बी. एस. ए.ने केलेली घडीची सायकलही तेथे पाहावयास मिळते. असे प्रयत्न स्तुत्य आहेत, पण सर्व सायकली संग्रहालयात मावणार नाहीत आणि मावण्याची गरजही नाही. हे काम घराघरांत होऊ शकते. जिन्याखालची सायकल विकण्यापूर्वी तिचा क्रमांक, तिच्या खुणा एका वहीत उतरवाव्यात. ती कोणी, कधी, किती रुपयांना घेतली आणि ती कोठवर जात असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच वहीत लिहावे. महाविद्यालयांतील इतिहासाच्या वा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या पेठेतील एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्र्याजवळ चार दुपारी बसून त्याचे हात काय करतात याची नोंद केली, तर एखाद्या ठरीव प्रबंधिकेहून ती अधिक मोलाची ठरेल. आणि त्यानंतर शक्य असेल तर सायकलीत हवा भरून, दिवा लावून ती रस्त्यावर काढावी. एवढे करूनही ती विकावीच लागली, तर निदान भंगारवाल्याच्या काट्यावर केवळ लोखंडच चढेल.