माळ्यावरची बिअर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय निघेल, सांगता येत नाही. तुटकी इस्त्री, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्या आणि कधी त्यांच्यामागे बिअरची एक न उघडलेली बाटली. कुणाच्या तरी बढतीच्या पार्टीतून उरलेली. लेबलावरची तारीख तीन वर्षांपूर्वीची. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘दारू जितकी जुनी तितकी चांगली, फ्रिजमध्ये ठेव.’ दुसरा म्हणतो, ‘मुदत संपलीय, विष झालं असेल त्याचं.’ दोघेही चुकतात.

जुनेपणाची कीर्ती व्हिस्कीची आणि काही वाइनची. त्यातही व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. बाटलीत भरली की तिचं मुरणं थांबतं. बिअर ही वस्तूच वेगळी. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, साधारण चार ते आठ टक्के अल्कोहोल, जवाच्या माल्टमधून आलेली थोडी साखर आणि प्रथिनं, हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा आणि कार्बन डायऑक्साइड. स्वयंपाकघरातली उपमा द्यायची तर ती लोणच्यापेक्षा भाकरीच्या जवळची आहे. बहुतेक बिअर कारखान्यातून निघते त्या दिवशी सर्वांत चांगली असते.

तिचे शत्रू तीन. पहिला ऑक्सिजन. बाटली भरताना कितीही काळजी घेतली तरी झाकणाखाली थोडा राहतोच. काही महिन्यांत बिअरमध्ये नॉनेनाल नावाचं संयुग जाणवू लागतं आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. अब्जात एका भागाहून कमी असलं तरी नाकाला ते कळतं. गंमत अशी, की २००१ मध्ये जपानी संशोधकांना चाळिशीपुढच्या माणसांच्या अंगाच्या वासातही नॉनेनाल सापडलं. म्हातारपणाचा वास दोघांचा सारखाच म्हणायचा.

दुसरा शत्रू उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे ५ अंशांच्या फ्रिजपेक्षा स्लॅबखालच्या, मे महिन्यात ४० अंशांवर जाणाऱ्या माळ्यावर बिअर निदान दहापट वेगाने म्हातारी होते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा तर विचारच नको. बाटलीवरची सहा महिन्यांची वगैरे मुदत अशा माळ्यासाठी ठरवलेली नसते.

तिसरा शत्रू प्रकाश, आणि तो सर्वांत चपळ. बिअरमध्ये राइबोफ्लेविन, म्हणजे दुधातही असणारं बी-२ जीवनसत्त्व असतं. ते प्रकाश शोषून घेतं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं मोडतात. त्यातून गंधकाचं एक उग्र संयुग तयार होतं. इंग्रजीत या वासाला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचं नाव आहे. थेट उन्हात हे व्हायला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, हिरवी बरीच कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. खिडकीच्या कट्ट्यावर शोभेला मांडलेल्या हिरव्या बाटल्या म्हणूनच आधी बिघडतात.

एवढं होऊनही बिअर विषारी होत नाही. अल्कोहोल, आंबटपणा, हॉप्सची द्रव्यं आणि ऑक्सिजनचा अभाव अशा चौफेर बंदोबस्तात टायफॉइड-कॉलऱ्याचे जंतू सहसा तग धरत नाहीत. वाढलेच तर दही-ताकाच्या गोतावळ्यातले लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू; ते बिअर आंबट आणि गढूळ करतात. ठेवून ठेवून तिचं मिथेनॉल होतं, हाही गैरसमजच. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती विषारी गावठी दारूतल्या मिथेनॉलने. ते दारूत घातलं जातं, सीलबंद बिअरमध्ये वयानुसार तयार होत नाही.

आता अपवाद. काही बिअर मुरवण्यासाठीच बनतात. इंग्लंडमधल्या बर्टन गावी १९०२ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या भेटीच्या वेळी बनवलेल्या ‘किंग्ज एल’च्या बाटल्या शंभर वर्षांनंतरही उघडून चाखल्या गेल्या. ब्रुसेल्सच्या परिसरात लॅम्बिक नावाची बिअर हवेतल्या आणि पिंपातल्या रानटी यीस्टवर आंबते. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून ‘गझ’ बनते आणि ती बाटलीत पुढेही बदलत राहते. या बदलामागचं ब्रेटानोमायसिस हे यीस्ट डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाऊसेन यांनी १९०४ मध्ये जगापुढे आणलं. अशा बिअर टिकतात त्या भरपूर अल्कोहोल, आंबटपणा किंवा बाटलीत जिवंत असलेलं, उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकणारं यीस्ट यांच्या बळावर. आणि वर्षभर १०-१५ अंशांवर राहणाऱ्या अंधाऱ्या तळघरात. थंडी आणि अंधारही दर वेळी पुरत नाहीत. बाल्टिक समुद्रात ऑलंड बेटांजवळ बुडालेल्या जहाजातून २०१० मध्ये सुमारे १७० वर्षांपूर्वीच्या बिअरच्या बाटल्या वर आल्या. समुद्राचं पाणी आत झिरपलेलं, जिवाणूंनी आपलं काम केलेलं. तज्ज्ञांना त्यात जळक्या रबराचा आणि बोकडाचा वास आला.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये तळघर नाही. ब्रुसेल्सहून भाच्याने आणलेली बाटली ठेवायचीच असेल, तर जागा फ्रिजचीच, आणि उभी. आडवी ठेवायची ती बुचाची वाइन, बूच ओलं राहावं म्हणून. पत्र्याच्या झाकणाची बिअर उभी असली की हवेशी संपर्क कमी राहतो. मायक्रोब्रुअरीतून घरी आणलेली ताजी बिअर तर पाश्चराइज केलेली नसते. ती दुधासारखी समजावी, साठवण्याची गोष्ट नव्हे.

मुरवायच्या बिअरची खरी गोम तिच्या जोरात आहे. बाटलीत ठेवून अल्कोहोल उडून जात नाही. यीस्ट जिवंत असेल तर किंचित वाढतंच. पाच टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. आपल्या दुकानातल्या आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या ‘स्ट्राँग’ बाटलीत ४१ ग्रॅम. अकरा टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरच्या बार्ली वाइनमध्ये ६५ ग्रॅम, म्हणजे त्या लहान बाटलीच्या पाचपट. ‘बिअरच तर आहे’ म्हणत ती एकट्याने संपवणारा माणूस नेमका इथे फसतो. यकृत लेबल वाचत नाही, ग्रॅम मोजतं. अल्कोहोलची पूर्णपणे सुरक्षित अशी मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

काही रुग्णांसाठी धोका आणखी वेगळा आहे. जिवाणूंनी आंबवलेल्या बिअरमध्ये टायरामीन हे द्रव्य साठू शकतं. लॅम्बिकसारख्या किंवा पाश्चराइज न केलेल्या, नळाच्या बिअरमध्ये अधिक. एरवी शरीर त्याची विल्हेवाट लावतं. पण औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर दिलं जाणारं लिनेझोलिड, नैराश्यावरची काही जुनी औषधं आणि कंपवातावरची काही औषधं ही विल्हेवाट अडवतात. मग रक्तदाब एकाएकी चढतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. क्षयरोगाच्या उपचारात दारू यकृतासाठीही नकोच असते. पण ‘एक ग्लास बिअरने काय होतंय’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे माहीत नसतं. अशी लक्षणं दिसली तर घरी वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

राहिली काच. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली उणे दोन-तीन अंशांच्या आसपास गोठू लागते, आतलं पाणी फुगतं आणि काच फुटते. कधी बाहेर काढून हातात घेतल्यावर. तापलेल्या माळ्यावर आतल्या वायूचा दाब वाढतो, तो मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेहूनही जास्त होऊ शकतो. काचेचा तुकडा डोळ्यात गेला तर डोळा चोळू नये, दाबू नये, रुतलेला तुकडा उपटू नये. वर कागदी कप उपडा धरून, डोळ्याला न टेकता चिकटपट्टीने बसवावा आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

म्हणून माळ्यावरची ती जुनी बाटली काढताना हलवू नये. आधी दिवसभर फ्रिजमध्ये गार करावी, जाड फडक्यात गुंडाळावी, तोंड चेहऱ्यापासून दूर धरून मोरीत उघडावी आणि ओतून टाकावी. रिकामी बाटली त्याच दिवशी भंगारवाल्याला द्यावी. तीत फिनेल, रॉकेल किंवा ॲसिड भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि तहानलेलं मूल ते घोटभर पितं. तसं झालंच तर मुलाला ओकारी काढायला लावू नये, मीठ-पाणी पाजू नये. तीच बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात न्यावं.