नाइट शिफ्ट, आंबट ढेकर आणि उतरलेलं मन

सकाळी नाइट सुटली की चाकणच्या तळेगाव चौकात टपऱ्यांवर गर्दी होते. वडापाव किंवा तर्री मारलेली मिसळ, वर कडक चहा. मग तासाभरात मोशी-भोसरीच्या खोलीवर जाऊन माणूस आडवा. ‘रात्री जेवल्यावर तीन तास झोपू नका’ हे त्यानं शंभरदा ऐकलेलं असतं. पण त्याचं ‘रात्रीचं जेवण’ म्हणजे हा सकाळचा नाष्टाच, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. घास उतरताना ते सैल होतं, एरवी आवळलेलं राहतं. पोट गच्च भरलं, तंबाखूचा बार भरला, वजन वाढलं की ते अवेळी सैल पडतं आणि आम्ल वर येतं. जागेपणी आपण सतत लाळ गिळत असतो. त्या लाळेनं आम्ल धुतलं जातं, सौम्य होतं. झोपेत मात्र लाळ जवळजवळ आटते, गिळणंही क्वचित होतं. त्यामुळे वर आलेलं आम्ल तिथंच रेंगाळतं. कधी माणूस खोकत उठतो, कधी जाग येत नाही पण झोप उथळ होते. दिवसाची झोप, पत्र्याचा उकाडा, गल्लीतला आवाज यांतून मिळतात चार-पाच तास, आणि त्यांचेही असे तुकडे पडतात.

मनाकडे जाणारी एक वाट इथूनच निघते. महिनोन्‌महिने झोप मोडली की चिडचिड वाढते, सुट्टीच्या दिवशीही कशात जीव रमत नाही, जेवणाचीच भीती बसते. उलटी वाटही आहे. मन खचलेलं असलं की अन्ननलिकेतून येणाऱ्या संवेदना मेंदूला जास्त तीव्र वाटतात. ताणाखालच्या माणसांवर झालेल्या प्रयोगांत आम्ल तेवढंच वर येत असूनही जळजळ जास्त जाणवल्याचं दिसलंय. प्रत्येक पित्तवाल्याला नैराश्य येतं असं नाही. पण दोन्ही एकत्र असली की एकमेकांना पोसतात.

म्हणूनच ‘एंडोस्कोपी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य मला फार खुपतं. जळजळीची तक्रार असलेल्या अर्ध्याहून अधिक लोकांची एंडोस्कोपी नॉर्मलच येते. त्यांचं जळणं खरं असतं. ‘काही नाही’ ऐकून घरी परतलेला माणूस पुढं तक्रार करणंच सोडून देतो.

गोळ्यांचंही समजून घ्यायला हवं. पॅन्टोप्रॅझोल जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते; जेवून घेतली तर तिचा जोर कमी पडतो. मेडिकलमधून पत्ता आणून महिनोन्‌महिने घेतली आणि एकदम बंद केली, तर काही आठवडे आम्ल उसळून येतं. नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या, उदाहरणार्थ ॲमिट्रिप्टिलीन, ते कडं सैल करू शकतात. एस्सिटॅलोप्रामसारख्या नव्या गोळ्यांसोबत पाठदुखीसाठी पेनकिलर चालू असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून पोटाच्या डॉक्टरला मनाच्या गोळ्या आणि मनाच्या डॉक्टरला पोटाच्या गोळ्या दाखवायच्या. आपल्या मनानं कुठलीच गोळी बंद करायची नाही.

नाइटवाल्यानं पोटभर जेवण शिफ्टच्या सुरुवातीला किंवा मध्यरात्रीच्या सुट्टीत उरकावं, सकाळी हलकं, बिनतिखट खावं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो सहा-आठ इंच उचलावा. डाव्या कुशीवर झोपावं. त्या कुशीवर जठरातलं आम्ल कड्याच्या खालच्या पातळीला राहतं.

छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर इनो घेऊन वाट पाहू नका, लगेच ईसीजी काढा. घास अडकणं, काळी शी, कारण नसताना घटणारं वजन यांत तपासणी लांबवायची नाही.

पिंपरीच्या संत तुकारामनगरमधल्या वायसीएम रुग्णालयात किंवा ईएसआयचं कार्ड असेल तर ईएसआयच्या दवाखान्यात जाताना ‘ॲसिडिटी आहे’ एवढंच सांगू नका. शिफ्ट कोणती, झोप किती तास, मन किती दिवसांपासून लागत नाही, हेही सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो, नाइटच्या चहाच्या सुट्टीतसुद्धा.