अराई काम्पो

अराई काम्पो : (१८७८–१९४५). जपानी चित्रकार, बौद्ध विषयांचा चित्रणकार व प्राचीन चित्रांचा श्रेष्ठ प्रतिकृतिकार. मूळ नाव कान्जूरो. जपानमधील तोचिगी प्रांतातील उजीइए (सध्याच्या साकुरा शहराचा भाग) येथे जन्म. १९१७–१८ मध्ये खानदेशच्या दक्षिण सीमेवरील अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेल्या जपानी चित्रकारांत तो प्रमुख होता. भारत आणि जपान या दोन देशांतील बौद्ध भित्तिचित्रांच्या जतनाशी त्याचे आयुष्य निगडित झाले.

शिक्षण व पूर्वायुष्य : १८९९ मध्ये काम्पो टोकिओस गेला व मिझुनो तोशिकाता (१८६६–१९०८) या चित्रकाराचा शिष्य झाला. तोशिकाता हा सुप्रसिद्ध मुद्राचित्रकार त्सुकिओका योशितोशी याचा शिष्य असून वृत्तपत्रे आणि कादंबऱ्या यांतील कथाचित्रांसाठी तो ख्यातनाम होता. जपानमध्ये लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांची लोकप्रिय परंपरा सतराव्या शतकापासून चालत आली होती. होकुसाई याचे ‘मांगा’ या नावाचे रेखाटनसंग्रह १८१४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि विसाव्या शतकात हाच शब्द जपानी चित्रकथांना रूढ झाला. तोशिकाताची चित्रशाळा याच परंपरेतील होती. प्रवाही पण नेमकी रेषा, मोजक्या तपशिलांतून प्रसंग उभा करण्याची हातोटी आणि वेषभूषा, शस्त्रे, वास्तू इत्यादींविषयीची ऐतिहासिक अचूकता हे गुण काम्पोने तेथे आत्मसात केले.

१९०२ मध्ये तो कोक्का या कलाविषयक नियतकालिकाच्या संस्थेत दाखल झाला. ओकाकुरा काकुझो (तेन्शिन) व ताकाहाशी केन्झो यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेल्या या नियतकालिकात प्राचीन चित्रांच्या उत्कृष्ट रंगीत प्रतिकृती छापल्या जात. त्या काळी रंगीत छायाचित्रण भरवशाचे नव्हते. त्यामुळे मूळ चित्रावरून कुशल चित्रकाराकडून हाताने प्रत करवून घ्यावी लागे. मंदिरांतील आणि खाजगी संग्रहांतील बौद्ध चित्रांच्या अशा प्रती करण्यात काम्पोची अनेक वर्षे गेली. जपानी परंपरेत प्रतिकृती हे दुय्यम प्रतीचे काम मानले जात नाही. तीत दोन पद्धती मानतात : मूळ चित्र आज ज्या जीर्ण अवस्थेत आहे, तसेच ते तडे, डाग व झीज यांसह उतरविणे, ही पहिली, आणि ते प्रथम रंगविले गेले तेव्हा जसे असेल, तसे पुन्हा उभे करणे, ही दुसरी. पहिल्या पद्धतीत चित्रकाराला स्वतःच्या आवडीनिवडी पूर्णपणे बाजूला ठेवाव्या लागतात. काम्पोची ख्याती मुख्यतः या पद्धतीतील प्रभुत्वामुळे झाली. याच काळात त्याची स्वतंत्र चित्रेही प्रदर्शनांतून मांडली जाऊ लागली. १९१४ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या ‘निप्पोन बिजुत्सुइन’ या कलासंस्थेशी त्याचा निकटचा संबंध होता.

भारतातील आगमन : ओकाकुरा १९०१–०२ मध्ये भारतात आला होता व कलकत्त्याच्या ठाकूर घराण्याशी त्याचा स्नेह जडला होता. त्यापाठोपाठ १९०३ मध्ये योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे चित्रकार कलकत्त्यास येऊन गेले. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर जपानला गेले, तेव्हा योकोहामा येथे रेशीमव्यापारी व कलासंग्राहक हारा तोमितारो याच्या सान्केइएन या उद्यानगृहात त्यांचा मुक्काम होता. तेथे शिमोमुरा कान्झान याने १९१५ मध्ये रंगविलेले, मावळत्या सूर्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्या अंध तरुणाचे चित्र त्यांच्या पाहण्यात आले. त्याची एक प्रत भारतात नेण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली आणि ते काम काम्पोकडे सोपविण्यात आले. प्रत करीत असलेल्या या चित्रकाराची चिकाटी पाहून टागोरांनी त्याला भारतात येण्याचे निमंत्रण दिले. १९१६ च्या अखेरीस काम्पो कलकत्त्यास आला आणि जोडासाँको येथील ठाकूरवाड्यातील ‘विचित्रा’ या कलाकेंद्रात जपानी कुंचल्याचे तंत्र शिकवू लागला. नंदलाल बोस यांच्याशी त्याची मैत्री तेथेच जुळली. बोस यांनी त्यापूर्वी काही वर्षे अजिंठ्यास प्रतिकृतींचे काम केले होते.

अजिंठा व खानदेश : अजिंठ्याची लेणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, तथापि तेथे पोहोचण्याची वाट मुख्यतः ब्रिटिश मुलखातील पूर्व खानदेश जिल्ह्यातून जाई. जळगाव स्थानकावर उतरून पहूरमार्गे सु. ६० किमी. अंतरावरील फर्दापूर गाठावयाचे व तेथे मुक्काम करून रोज लेण्यांकडे जावयाचे, असा अभ्यासकांचा परिपाठ होता. लेण्यांच्या पायथ्याशी असलेली वाघूर नदीही उत्तरेकडे खानदेशात वाहत जाऊन तापीस मिळते.

काम्पोच्या पूर्वी तीन मोठ्या प्रयत्नांतून अजिंठ्याच्या प्रतिकृती झाल्या होत्या. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे तेथे राहून तैलरंगांत मोठ्या आकाराच्या प्रती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या या प्रतींपैकी चारपाच वगळता बाकी सर्व डिसेंबर १८६६ मधील आगीत नष्ट झाल्या. गिल १८७९ मध्ये मरण पावला. त्याची कबर भुसावळ येथे आहे. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात तेथे काम केले. त्यांच्या प्रतींपैकीही बऱ्याच लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे १८८५ मध्ये लागलेल्या आगीत सापडल्या. उरलेल्या दीडशेहून अधिक प्रती व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट वस्तुसंग्रहालयात आहेत. या दोन प्रयत्नांत चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर रोगण लावण्यात आले. पुढे ते पिवळे पडून चित्रांची हानी झाली. तिसरा प्रयत्न लेडी हेरिंगॅम हिचा. १९०९–११ मध्ये तिच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा आदी चित्रकार होते. त्यांच्या प्रती १९१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

जपानी पथकाचे कार्य : १९१७ च्या हिवाळ्यात कोक्का संस्थेच्या प्रेरणेने जपानी पथक अजिंठ्यास आले. कलेतिहासकार सावामुरा सेन्तारो, चित्रकार नोसू कोसेत्सू व इतर सहकारी काम्पोबरोबर होते. बौद्ध चित्रकला भारतातून मध्य आशिया व चीनमार्गे जपानमध्ये पोहोचली, हे अभ्यासकांना ठाऊक होते. परंतु तिचे उगमस्थान जपानी चित्रकारांनी प्रत्यक्ष अभ्यासावे, हा या मोहिमेचा हेतू होता.

अजिंठ्याच्या भिंतींवर माती, तूस, गवत इत्यादींच्या मिश्रणाचा गिलावा असून त्यावर चुन्याचा पातळ हात दिलेला आहे. रंग कोरड्या पृष्ठभागावर डिंक वा सरसासारख्या बंधकद्रव्यात कालवून लावलेले आहेत. ते ओल्या गिलाव्यात मुरलेले नसल्याने पापुद्र्यांसारखे सुटतात. विहारांच्या अंतर्भागी उजेड अत्यल्प असल्याने चित्राचा जेमतेम हातभर भाग एका वेळी पाहता येतो. युरोपीय प्रतिकृतिकारांनी कॅनव्हास व तैलरंग वापरले होते. त्यामुळे छायाप्रकाशाला उठाव मिळे, पण बाह्यरेषेचे महत्त्व कमी होई. जपानी चित्रकारांचे कागद, खनिज रंग, सरस आणि लांब केसांचा कुंचला हे साहित्य मूळ साहित्याच्या अधिक जवळचे होते. शिवाय रेषा हाच त्यांच्या शिक्षणाचा पाया होता. अजिंठ्यातील जातककथा एकाच भिंतीवर प्रसंगामागून प्रसंग जोडीत सांगितल्या आहेत. कथाचित्रांच्या परंपरेत वाढलेल्या चित्रकाराला ही मांडणी परकी नव्हती.

क्र. १ च्या विहारातील पद्मपाणी बोधिसत्त्वाची आकृती आणि जपानमधील नारा शहराजवळच्या होर्यू-जी मंदिरातील भित्तिचित्रे यांची तुलना कलेतिहासात वारंवार केली जाते. अजिंठ्याचे चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, तर होर्यू-जीची चित्रे सु. ७०० च्या आसपासची आहेत. कमरेत किंचित वाकलेली देहभंगी, अर्धोन्मीलित नेत्र, अलंकारांची ठेवण आणि अवयवांना गोलाई देणारी रंगछटा यांत साम्य आहे. मात्र जपानी चित्रांतील बाह्यरेषा सर्वत्र एकाच जाडीची, लोखंडी तारेसारखी ताठ आहे. अजिंठ्याची रेषा अवयवाप्रमाणे जाड व बारीक होत जाते.

१९१८ मध्ये काम्पो जपानला परतला. प्रतिकृती टोकिओ इंपीरियल विद्यापीठात ठेवण्यात आल्या. १ सप्टेंबर १९२३ रोजीच्या कांतो भूकंपात व त्यानंतरच्या आगीत त्या भस्मसात झाल्या. अशा रीतीने गिल आणि ग्रिफिथ्स यांच्यानंतर अजिंठ्याच्या प्रतींचा हा तिसरा संच अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडला.

उत्तरायुष्य : प्रती नष्ट झाल्या, तरी त्यांनी घडविलेला हात उरला होता. भारतातून परतल्यावर काम्पोने मुख्यतः बुद्धचरित्र व बौद्ध देवता हेच विषय हाताळले आणि या क्षेत्रातील अग्रगण्य चित्रकार म्हणून तो मान्यता पावला. भारतीय चेहरेपट्टी, वनस्पती व वेष यांचे प्रत्यक्ष ज्ञान त्याच्या चित्रांत दिसून येते. त्याचा सहकारी कोसेत्सू याने १९३२–३६ या काळात सारनाथ येथील मूलगंधकुटी विहाराच्या भिंतींवर बुद्धाचे जीवनप्रसंग रंगविले.

१९४० मध्ये जपानी शासनाने होर्यू-जीच्या सुवर्णमंडपातील बारा भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींची योजना हाती घेतली. चार मोठ्या व आठ लहान अशा या भिंतींचे काम चार गटांत वाटण्यात आले. काम्पो, नाकामुरा गाकुर्यो, इरिए हाको व हाशिमोतो मेइजी हे गटप्रमुख होते. १९३५ मध्ये घेतलेल्या पूर्णाकृती छायाचित्रांवरून छापलेले फिकट ठसे आधाराला घेऊन, मूळ भिंतीसमोर बसून, डागाला डाग व तड्याला तडा जुळवीत रंग भरावयाचे, अशी पद्धत होती. अंधाऱ्या मंडपात त्यासाठी प्रतिदीप्त नळ्यांचा उजेड वापरण्यात आला. युद्धामुळे माणसे व साहित्य यांची टंचाई असतानाही काम्पो हे काम करीत राहिला. एप्रिल १९४५ मध्ये होर्यू-जीकडे जात असताना प्रवासातच त्याचा मृत्यू झाला.

काम अपुरे असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे सुवर्णमंडपास आग लागून मूळ भित्तिचित्रे करपली. त्यांचे रंग गेले व केवळ रेषांचे अवशेष राहिले. या घटनेने जपान हादरला व १९५० मध्ये तेथे सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा व्यापक कायदा झाला. २६ जानेवारी हा दिवस पुढे सांस्कृतिक वारशाच्या अग्निरक्षणाचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. १९६७–६८ मध्ये यासुदा युकिहिको, माएदा सेइसोन आदी चित्रकारांच्या नेतृत्वाखाली, छायाचित्रांचे ठसे व पूर्वीच्या प्रती यांच्या आधारे ही चित्रे नव्याने करून मंडपात बसविण्यात आली. काम्पो व त्याच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमांचे मोल त्या वेळी स्पष्ट झाले.

मूल्यमापन : काम्पोच्या जीवनात प्रतिकृतीची दोन्ही रूपे दिसतात. अजिंठ्यात मूळ चित्रे टिकली व प्रती जळाल्या. होर्यू-जीत मूळ चित्रे जळाली व प्रती उपयोगी पडल्या. प्रत हा मूळ चित्राला पर्याय होऊ शकत नाही, तसेच केवळ मूळ चित्रावर भिस्त ठेवणेही धोक्याचे असते, हे या दोन घटनांवरून ध्यानी येते. प्रतिकृतीचे आणखी एक फळ असते. ते म्हणजे तिच्यामुळे मूळ चित्राकडे वेधले जाणारे लक्ष. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली १९२०–२२ मध्ये चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ञांकडून अजिंठ्याच्या चित्रांचे सुटलेले पापुद्रे बसवून घेतले. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने हे काम चालू ठेवले. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले शिल्पकार राम सुतार (१९२५–२०२५) यांनीही १९५४–५८ या काळात या खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले आणि १९९० नंतरच्या दशकांत जपानी अर्थसाहाय्याने अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतनाची व पर्यटनविकासाची योजना राबविण्यात आली.

काम्पोचे स्मारक-संग्रहालय त्याच्या जन्मगावी साकुरा येथे आहे.