विमान स्वस्त, तास महाग

1998च्या सुमारास बांधलेलं हॉकर 800एक्सपी हे खासगी जेट आज 15 ते 20 लाख डॉलरच्या घरात मिळू शकतं. नवं होतं तेव्हा याच विमानाची किंमत एक कोटी डॉलरच्या पुढे होती. आजची किंमत रुपयांत मांडायची तर तेरा ते अठरा कोटी. मलबार हिलला समुद्र दिसणारा प्रशस्त फ्लॅट एवढ्या पैशात यायचा नाही, पण दोन जेट इंजिनांचं, आठ खुर्च्यांचं आणि 41 हजार फुटांवर चढणारं विमान येतं.

जुनं विमान भाड्याने घेणारे बरेच जण इथेच फसतात. किंमत इतकी उतरली, मग भाडंही उतरायला हवं, असं त्यांना वाटतं. पण धातू जुना झाला म्हणून इंजिनाची भूक कमी होत नाही.

ती भूक केवढी, ते पाहू. हॉकर 800एक्सपी तासाला साधारण हजार लिटर इंधन पितं, म्हणजे दर दोन सेकंदांना दुधाची अर्ध्या लिटरची एक पिशवी रिकामी होते. हे वाक्य वाचून होईपर्यंत आणखी दोन-तीन गेल्या. लिटरला 50 किलोमीटर देणारी मोटारसायकल या एका तासाच्या इंधनावर विषुववृत्तावरून पृथ्वीची पूर्ण प्रदक्षिणा घालेल आणि वर जवळजवळ 10 हजार किलोमीटर जाईल. टाक्या भरल्या की विमानात साडेचार टन इंधन मावतं. उड्डाणाच्या वेळी विमानाचं कमाल वजन 12.7 टन. म्हणजे टाक्या काठोकाठ भरून ते धावपट्टी सोडतं तेव्हा निदान एक तृतीयांश वजन निव्वळ इंधनाचं असतं.

आता या आकड्यांना खरा प्रवास लावू. मुंबईहून सकाळी नागपूरला जायचं, संध्याकाळी परत यायचं, माणसं चार. अंतर सातशे किलोमीटर, वेळ सव्वा तास. ताशी चार लाख रुपये दर धरला तर जाऊन-येऊन अडीच तासांचे दहा लाख, असा हिशेब गिऱ्हाईक मनात करतं. पण विमान मुंबईतच उभं असेल असं नाही. मुंबई विमानतळावर जागेची टंचाई जुनीच आहे. त्यामुळे भाड्याची कितीतरी विमानं दुसऱ्या शहरांत मुक्कामाला असतात. आपलं दिल्लीत आहे असं धरा. मग ते आधी साडेअकराशे किलोमीटर रिकामं येणार आणि रात्री तेवढंच रिकामं परत जाणार. चार उड्डाणं मिळून सहा तासांच्या वर होतात. अंतर 3,700 किलोमीटर, त्यातल्या 1,400 किलोमीटरमध्येच आत माणसं. दहा लाखांचे पंचवीस लाख झाले. त्यात कर, उतरणावळ, पार्किंग आणि थांबणावळ अजून धरलेली नाही.

इंधन गेलं सहा हजार लिटरच्या पुढे, म्हणजे चौघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला दीड हजार लिटर. भरलेल्या एअरबस ए-320 मधून नागपूरला जाऊन आलेल्या प्रवाशाच्या वाट्याला साधारण चाळीस ते पन्नास लिटर येतात. तीसपट! लिटरभर विमान इंधन जळलं की सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चार माणसांच्या एका दिवसामागे पंधरा टन वायू हवेत गेला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त रिकाम्या खुर्च्या वाहून नेताना. मला या सगळ्या हिशेबात हाच आकडा सर्वांत जास्त टोचतो.

तरीही हे यंत्र पाहिलं की मन भरून येतं. माझंही येतं. एकदा हँगरमध्ये एका तंत्रज्ञाने मला पंखाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितलं होतं. धातू गुळगुळीत लागेल असं वाटलं होतं; लागला बारीक खरखरीत, आणि बोटाला किंचित तेलकट काहीतरी आलं. ती कडा सच्छिद्र असते. बर्फ धरायची चिन्हं दिसली की तिच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांतून ग्लायकोलचं द्रावण पाझरतं आणि पंखाला घाम फुटल्यासारखा पातळ थर पसरतो. त्यावर बर्फ चिकटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही कल्पना या विमानाच्या घराण्यात शेवटपर्यंत टिकली.

घराणं म्हणण्याचं कारण आहे. या विमानाचा पूर्वज डी हॅविलँड डीएच 125 पहिल्यांदा उडाला 13 ऑगस्ट 1962 रोजी, इंग्लंडमधल्या हॅटफील्डला. नंतर कंपन्या बदलत गेल्या: हॉकर सिडली, ब्रिटिश एरोस्पेस, रेथिऑन, हॉकर बीचक्राफ्ट. विमान मात्र सुधारत, लांबत, इंजिनं बदलत पन्नास वर्षं बनत राहिलं. संख्या 1,600च्या वर गेली. आपल्याकडच्या वाचकाला या घराण्याचा आणखी जुना धागा सापडेल. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमानही डी हॅविलँडचंच होतं.

जुन्या विमानाच्या अंगावर काय काय जमा होतं, ते आकड्यांतच नीट दिसतं. 41 हजार फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आणि तापमान उणे 56 अंश. आत मात्र कळसूबाईच्या माथ्याहून दोनेक हजार फूट उंच जागी असावी एवढी हवा राखलेली असते. या फरकामुळे केबिनच्या भिंतीवर आतून दर चौरस मीटरला सहा टन रेटा येतो. शाळेच्या मोठ्या वहीच्या एका पानाएवढ्या जागेवर पावणेचारशे किलो. विमान उतरलं की रेटा जातो, पुन्हा चढलं की परत येतो. प्रत्येक उड्डाणाला सगळा सांगाडा एकदा फुगतो आणि एकदा बसतो. म्हणून जुन्या विमानाचं वय वर्षांत विचारून भागत नाही. तास किती आणि उतरणं किती, तेही विचारावं लागतं.

इंजिनांचा हिशेब तर डोकं गरगरवणारा. आतला वेगवान दांडा मिनिटाला 28 हजारांच्या आसपास फेरे घेतो. दहा हजार तास उडालेल्या विमानात ते फेरे होतात 1,600 कोटींहून जास्त, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे दोन. तेवढ्या तासांत विमान चंद्रावर नऊ वेळा जाऊन-येऊन झालेलं असतं. या इंजिनांची एक मोठी तपासणी 2,100 तासांनी आणि गाभा उघडून पाहणारी 4,200 तासांनी येते. दोन्ही इंजिनांची मोठी कामं एकाच वेळी निघाली तर खर्च विमानाच्या किमतीला जाऊन भिडू शकतो. आणि हा पैसा आजच्या गिऱ्हाइकाच्या तासातूनच थोडा थोडा बाजूला पडायला हवा. शेजारच्यापेक्षा लाखभर स्वस्त दर पुढे आला की माझा पहिला प्रश्न असतो, या तासातलं नेमकं काय गाळलंय? गिऱ्हाइकाने न लाजता हे विचारावं, देखभालीचे कागद मागावेत आणि उत्तर टाळणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

नीट राखलेलं हे विमान काय सोसतं, त्याचा दाखला 1988चा आहे. बोट्स्वानाचे अध्यक्ष क्वेट मसिरे अंगोलावरून याच 800 मालिकेतल्या विमानाने जात असताना अंगोलाच्या मिग-23ने त्यावर क्षेपणास्त्र सोडलं. उजवं इंजिन उखडून खाली पडलं. दुसरं क्षेपणास्त्र त्या पडणाऱ्या इंजिनाच्या मागे गेलं. वैमानिकाने उरलेल्या एका इंजिनावर विमान कुइतोच्या धावपट्टीवर उतरवलं. अध्यक्ष जखमी झाले, पण वाचले.

नागपूरला जाऊन आलेले चौघे रात्री मुंबईत उतरून घरी गेले. विमानात पुन्हा इंधन भरलं जातं. दार लागतं. पुढे दोन वैमानिक, मागे दिवे मंद केलेल्या आठ खुर्च्या, एकाही खुर्चीवर माणूस नाही. दिल्ली जवळजवळ दोन तासांवर. दर दोन सेकंदांना एक पिशवी.